सिंदी मेघे ते बिवा सरोवर

सिंदी म्हटलं की लोकांना सिंदी रेल्वे आठवते. ती सेलू तालुक्यात. सिंदी मेघे मात्र वर्धा शहराला अगदी खेटून. जूनचा पहिला आठवडा होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो, तर ऑटोवाल्यानं विचारलं, "सेवाग्रामले जाचं का, भाऊ?" जायचं तिथंच होतं. मनात मात्र एक जपानी चित्र घोळत होतं.

क्योतोजवळ, बिवा सरोवराच्या काठी ओत्सू नावाचं शहर आहे. तिथल्या शोजु-राइगो-जी मंदिराकडे तेराव्या शतकातली, रेशमावर रंगवलेली पंधरा काकेमोनो, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं आहेत. त्यातल्या एकात मेलेली स्त्री उघड्यावर पडली आहे. तोच देह चित्रात पुन्हा पुन्हा येतो: फुगलेला, काळानिळा, कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी फाडलेला, शेवटी नुसती हाडं. पुस्तकात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पान मिटून टाकलं होतं.

या चित्रांना आधार आहे गेनशिन या भिक्षूच्या 985 सालच्या 'ओजोयोशू' ग्रंथाचा. पण प्रेताकडे असं टक लावून पाहण्याचा विचार गेला आपल्याकडून. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातल्या प्रेताचं चिंतन नऊ पायऱ्यांनी सांगितलं आहे, बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'त दहा प्रकारांनी. माझ्याही देहाचं हेच होणार, एवढं भिक्षूला उमगावं म्हणून.

त्या 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती 1940 साली सिद्ध केली धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्ध शोधत नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश हिंडला आणि अखेरीस सेवाग्रामला आला. शरीर थकलं होतं, सेवा होत नव्हती. त्यांनी अन्न सोडलं आणि 4 जून 1947 रोजी इथंच देह ठेवला. असा देह सोडण्याला जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या परंपरेचा आधारही त्यांना होता. आश्रमाच्या मातीच्या भिंतींपाशी उभा असताना त्या चित्राची भीती माझ्यापुरती संपली. ते घाबरवण्यासाठी काढलेलंच नाही.

परतताना गोपुरीच्या विश्वशांती स्तूपाशी थांबलो. पांढराशुभ्र, चारी दिशांना बुद्ध. 1933 मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्यात आलेल्या जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या इच्छेतून तो उभा राहिला. 1993 मध्ये खुला झाला, तेव्हा गुरुजी हयात नव्हते.

सेवाग्रामची प्रार्थना मात्र चुकवू नका. तिची सुरुवात आजही फुजी गुरुजींच्याच जपानी मंत्रानं होते.