आधी डोळे उघडे ठेव

पहिल्या वर्षी मी कॅलिबर निवडलं ते भीतीपोटी.

कोलोराडोतला एल्क आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण पूर्ण वाढलेला नर 300 किलोंच्या पुढे जातो. माझा मांसाशी संबंध रविवारी खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहण्यापुरता. एवढं मोठं जनावर स्वतः मारायचं म्हटल्यावर वाटलं, जेवढी दणकट रायफल तेवढं बरं. म्हणून .300 विंचेस्टर मॅग्नम घेतली.

रेंजवर चार-पाच गोळ्या झाल्या की खांदा ठणकायचा. त्याहून वाईट म्हणजे चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी 180 यार्डांवर मादी आडवी उभी होती. परवाना मादीचाच होता. मी चाप ओढला. ती पाठीत वाकली आणि अ‍ॅस्पेनच्या झाडीत शिरली. मागे सापडलं ते थोडंसं गडद रक्त आणि त्यात अर्धवट पचलेल्या गवताचा चोथा. म्हणजे गोळी फुप्फुसात नाही, पोटात लागली होती. अंधार पडेपर्यंत शोधलं. रात्री बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी माग उरला नव्हता. ती कुठे पडली, किती तासांनी मेली, मला माहीत नाही.

सोबत आलेला ऑफिसमधला जुना शिकारी तेव्हा काही बोलला नाही. पुढे एकदा रेंजवर त्याने माझी रायफल स्वतः भरून दिली. मी नेम धरला, चाप ओढला. नुसता ‘टक्’ आवाज झाला. आत रिकामं काडतूस होतं, तरी नळी खाली झुकली होती. “पाहिलंस?” तो म्हणाला. “रायफल ठीक आहे. आधी तू डोळे उघडे ठेव.”

त्याच्याकडे थर्टी-ऑट-सिक्स होती. हे काडतूस 1906 सालचं, अमेरिकी सैन्यासाठी बनवलेलं. गंमत अशी की त्याच्या आणि माझ्या गोळीचा व्यास एकच, 0.308 इंच. मॅग्नममध्ये दारू जास्त, म्हणून वेग जास्त आणि धक्काही जास्त. मी 200 यार्डांपलीकडे मारणारच नव्हतो. मग तो जादा वेग घेऊन करायचं काय? मी मॅग्नम विकली आणि थर्टी-ऑट-सिक्स घेतली.

राहिली गोळी. कोलोराडोचा नियम आहे: एल्कसाठी किमान .24 कॅलिबर आणि किमान 85 ग्रेनची, लागल्यावर पसरणारी गोळी. पण ती किती पसरावी? फार लवकर फुटली तर फऱ्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो. पसरलीच नाही तर बारीक भोक पाडून आरपार जाते. 1946 साली कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसवर अशाच अपुऱ्या पडल्या. त्यांनी मग मधे पडदा असलेली गोळी बनवली: पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो.

मी घेतली पूर्ण तांब्याची, 165 ग्रेनची. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते. ते मांस माझी मुलगी खाणार होती. जंगलात टाकलेली आतडी गरुड आणि डोमकावळे खातात, तेही डोक्यात होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा एक मादी दिसली, 140 यार्डांवर. ती तिरकी उभी होती. मी थांबलो. बऱ्याच वेळाने ती वळली. चाप ओढला तेव्हा डोळे उघडे होते, कारण तिचे पुढचे पाय मोडताना मी पाहिले. ती चाळीसेक पावलं गेली आणि पडली.

कातडी सोलताना पलीकडच्या बाजूला, कातडीच्या आतच गोळी सापडली. तोंड चार पाकळ्यांसारखं उघडलेलं. घरी काट्यावर ठेवली, वजन जवळपास तेवढंच भरलं.

ती गोळी आता टेबलाच्या खणात आहे. मित्र आले की ती पाहायला मागतात, आणि मी दाखवतो. पहिल्या वर्षीच्या गोळीबद्दल कुणी विचारत नाही. ती अजून त्या अ‍ॅस्पेनच्या झाडीत कुठेतरी, हाडांमध्ये पडलेली असेल.