खराडीतील कचऱ्याचा अभ्यास

समाजसेवेतून शिक्षण या पद्धतीत विद्यार्थी वस्तीच्या खऱ्या गरजेचे काम हाती घेतो आणि त्यातून उठणारे प्रश्न अभ्यासक्रमाशी जोडून सोडवतो. निव्वळ श्रमदानात हा दुसरा भाग नसतो. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हाताच्या कामातूनच विषय शिकवू पाहत होती. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असा तिचा आराखडा. तास मोजणे सोपे असल्याने पुष्कळ ठिकाणी ती हजेरीवहीपुरतीच उरते, हेही खरे.

प्रस्तुत लेखिकेने पदवीच्या वर्षांत खराडीत समाजसेवेतून शिकणाऱ्या एका गटात काम केले. मुळा-मुठेकाठचे हे जुने गाव आता पुणे शहरात आले आहे. ईऑन आयटी पार्कभोवती उंच सोसायट्या, तर गावठाण आणि चंदननगरच्या बाजूला दाट वस्ती. एका सोसायटीच्या शेडमध्ये सकाळी कचरा निवडणाऱ्या महिलांना हातभार लावायचा आणि ओल्या-सुक्याची वजने लिहायची, एवढेच काम होते. बहुवारिकांची सूत्रे गटाला पाठ होती. पण बाटलीला भाव मिळतो आणि वेफर्सच्या पाकिटाला भंगारवाला हात का लावत नाही, हे कोणालाच सांगता येईना. शेडमधल्या मावशींनाही कारण ठाऊक नव्हते, पारख मात्र अचूक होती: आतून चांदी चमकली की पाकीट बाजूला. उलगडा प्रयोगशाळेत झाला. पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. बाटलीच्या पेट प्लास्टिकचे तुकडे पाण्यात बुडतात, टोपणाचे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन तरंगते. पुनर्वापराच्या कारखान्यांतही घनतेच्या याच फरकाचा उपयोग करतात. पुस्तकातला घनतेचा तक्ता त्यानंतर कोणी घोकला नाही.

शिकवायला गेलेले स्वतःच शिकतात, याचे पुण्यातील ठळक उदाहरण कचऱ्याशीच निगडित आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरावेचकांच्या वस्तीत गेले. अक्षरांइतकाच, किंबहुना अधिक, निकडीचा प्रश्न त्यांना तिथे दिसला: मिसळलेल्या घाणीत हात घालण्याऐवजी सुका कचरा वेगळा मिळावा आणि चोर म्हणून कोणी हटकू नये. १९९३ मध्ये कामगार नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत समाजसहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांक मिळतात. अडचण मूल्यमापनाची आहे, कारण चांगला अहवाल घरी बसूनही लिहिता येतो. खराडीच्या गटाला म्हणून निष्कर्ष शेडमधल्या महिलांपुढेच मांडावे लागले. वजनांचा तक्ता पाहून एकीने विचारले, “यात रद्दी कुठंय?” रद्दी आणि मोठे पुठ्ठे घरोघरून परस्पर विकले जातात, शेडपर्यंत येतच नाहीत. मग सोसायटीत घरोघरी विचारणा झाली आणि तक्त्यात ‘परस्पर विक्री’ असा नवा रकाना आला.