चार बाय चारचं आभाळ

मला अजून ते आभाळ आठवतं. खिडकीतलं नव्हे, मॉनिटरमधलं. मावसभावाच्या खोलीत दिवा मालवलेला असायचा, सीपीयूचा पंखा घरघरत असायचा, आणि मॉनिटरच्या त्या जाड, फुगीर काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. पडद्यावर 'क्वेक थ्री अरीना'. दादा कुणाच्या तरी मागे धावत असायचा, गोळ्या सुटत असायच्या, आणि मी मात्र त्या सगळ्या धुमश्चक्रीच्या वर, तांबूस ढगांकडे बघत बसायचे. ते ढग एकमेकांत मिसळत नसत. बारीक बारीक चौकोनांच्या पायऱ्यांनी त्यांचा रंग खाली उतरायचा, मध्येच हिरवट झाक मारायची, मध्येच जांभळट. “अगं, कार्डामुळे होतंय ते, वर काय बघतेस!” दादा म्हणायचा. पण माझी नजर तिथून हलत नसे. कुणीतरी आभाळ जवळून, घाईत, मोजक्या रंगांत रंगवलं आहे, आणि ते रंग पुरवून वापरताना त्याची तारांबळ उडाली आहे, असं काहीसं वाटून मला त्या आभाळाची माया लागली होती.

त्या चौकोनांचं गणित हाती लागलं ते बऱ्याच वर्षांनी. आणि गंमत अशी की गणित कळल्यावर माया वाढली.

त्या काळच्या ग्राफिक्स कार्डांवर मेमरी असायची आठ, सोळा, फार तर बत्तीस एमबी. हजार चोवीस ठिपके लांब आणि तितकंच रुंद असं भिंतीचं एक चित्र पूर्ण रंगांत ठेवायचं तर तेच तीन एमबी खाणार. मग एवढी जागा आणायची कुठून? १९९८ साली एसथ्री या कंपनीने ‘सॅव्हेज थ्रीडी’ कार्डाबरोबर एक रीत आणली आणि त्याच वर्षी डायरेक्टएक्स ६ ने ती आपलीशी केली. चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. एरवी अशा सोळा ठिपक्यांना अठ्ठेचाळीस बाइट लागतात. इथे प्रत्येक चौकोनाला मिळणार फक्त आठ. त्यातल्या चार बाइटांत दोन रंग लिहायचे, टोकाचे. उरलेल्या चारांत सोळा ठिपक्यांची नोंद, प्रत्येकाला दोन बिट: तुझा रंग चारांपैकी कुठला, एवढंच सांगणारे.

पण लिहिलेले रंग तर दोनच आहेत. मग चार कुठून आले?

इथे मी नेहमी थबकते. मधले दोन रंग कुठेच लिहिलेले नसतात. एक पहिल्या टोकाकडे दोन तृतीयांश झुकलेला, दुसरा तितकाच दुसऱ्या टोकाकडे. कार्ड एखादा ठिपका वाचायला येतं तेव्हा ते त्या क्षणापुरते तयार होतात आणि पडद्यावर जातात. आणि याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. दोन रंगांपैकी मोठ्या आकड्याचा आधी लिहिला तर चार रंग. तोच नंतर लिहिला तर तीन रंग आणि चौथ्या रंगाच्या जागी पारदर्शकता. झाडाच्या पानांमधली मोकळी जागा, जाळीतलं भोक, हे सगळं केवळ कोण आधी आणि कोण नंतर एवढ्यावरून कळतं. एक बिटसुद्धा जास्त खर्ची पडत नाही. इतकी काटकसर, आणि तिच्यात इतकी कोवळीक! हे ज्यांना सुचलं त्या कॉन्स्टंटाइन यूर्चा, कृष्णा नायक आणि झोऊ हाँग यांची नावं पेटंटवर आहेत. गेम खेळणाऱ्यांत ती फारशी कुणाला ठाऊक नसतील याची मला हळहळ वाटते.

जेपीईजीने चित्र याहूनही लहान होतं. पण त्यात साधा भाग थोडक्यात आटपतो, गुंतागुंतीचा जास्त जागा घेतो, आणि मधलाच एखादा ठिपका हवा असेल तर आधीचं बरंचसं उलगडत यावं लागतं. गेममध्ये तेवढी सवड कुणाला असते? खेळणारा मान वळवील तिकडची भिंत तत्क्षणी हवी. चाळीतल्या सगळ्या खोल्या एकाच मापाच्या असल्या की कुणाच्या घरात माणसं किती हे न विचारता सरळ हव्या त्या दाराशी जाता येतं. तसे हे चौकोन. निवांत कोपऱ्यालाही आठ बाइट, गजबजलेल्यालाही आठ. पत्ता एका गुणाकारात सापडतो.

याची किंमत आभाळाने मोजली. विटा, दगड, गंजलेला लोखंडी पत्रा यांनी ती काटकसर निभावून नेली, कारण त्यांचा खडबडीतपणा सगळं पोटात घेतो. पण संध्याकाळ हळूहळू उतरते, आणि या रीतीत लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, म्हणजे छटा बत्तीसच. हिरव्याला आपला डोळा अधिक जाणतो म्हणून सहा. त्यातून काही कार्डं मधले रंगही तितक्याच ढोबळ मापात काढायची. मग पायऱ्या दिसणारच. हिरवट झाक दिसणारच. दादाचं म्हणणं बरोबर होतं.

चित्राचे चौकोन पाडून प्रत्येकात दोनच छटा ठेवायच्या, ही कल्पना करड्या चित्रांसाठी डेल्प आणि मिचेल यांनी १९७९ मध्येच मांडली होती. आणि २०१२ मध्ये आलेल्या एएसटीसी या नव्या रीतीत चौकोन चार बाय चारपासून बारा बाय बारापर्यंत हवा तेवढा घेता येतो, बाइट मात्र कायम सोळाच. आजच्या मोबाइलवर ढग कसे सायीसारखे दिसतात. चांगलंच झालं. तरी मला विचाराल तर सगळ्यांत देखणी मांडणी ती जुनी, आठ बाइटांचीच.

एकच सल होता. पेटंटमुळे लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरांना ती रीत सोबत देता येत नसे. ज्याला हवी त्याने वेगळी लायब्ररी शोधून बसवायची. २ ऑक्टोबर २०१७ ला ते पेटंट संपलं. आज बीसी१ या नावाने तीच मांडणी डेस्कटॉपच्या कार्डांत आहे, आणि ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.