डोंगराची माती, दरीचा भराव

भाताची झोडणी आटोपलेली असते. अंबा नदीचे पाणी निवळून संथ झालेले असते आणि रिकाम्या झालेल्या खाचरांत, मागे उरलेल्या ओलीवर वालाची रोपे तरारू लागलेली असतात. नागोठण्याच्या परिसरात हा काळ पोपटीची वाट पाहण्याचा. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेतात जाळ पेटवायचा. परंतु शेंग भरेपर्यंत थांबणे भागच असते. नेमक्या याच दिवसांत आपल्या ख्रिस्तसभेचा आगमनकाळ सुरू होतो. निसर्ग आणि उपासना दोघेही आम्हांला एकच धडा देतात : जे पिकायचे आहे, त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो.

संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला येतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळास प्रारंभ होतो आणि चार रविवार आपण प्रतीक्षेत घालवतो. वेदीवर जांभळा रंग येतो. रविवारच्या मिस्सेतील गौरवगीत मौन धरते, ते नाताळच्या रात्री देवदूतांच्या मुखाने पुन्हा ऐकू यावे म्हणून. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी रंगाची झुळूक येते. वाट अर्धी सरली, आता आनंद करा, असे ती सांगते. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ५८१ च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधील माकाँ येथे भरलेल्या धर्मपरिषदेने संत मार्टिनच्या सणापासून, ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास नेमून दिला होता. नाताळ हा आधी रित्या होणाऱ्यांचा आणि मग भरून पावणाऱ्यांचा सण आहे, ही जाणीव एवढी जुनी आहे. संत बर्नार्ड प्रभूच्या तीन आगमनांविषयी बोलत असत. पहिले बेथलेहेमात देहरूपाने, शेवटचे काळाच्या अंती गौरवाने आणि या दोहोंच्या मध्ये घडणारे तिसरे, माणसाच्या अंतःकरणात, गुप्तपणे. आमची खरी तयारी असते ती या मधल्या, कोणाला न दिसणाऱ्या आगमनाची.

आमची मंडळी लहान आणि विखुरलेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नागोठण्याला वायूवर चालणारा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. त्या वेळी तो इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा होता. २००७ साली ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. त्या प्रकल्पाच्या आणि त्याच्या आधाराने वाढलेल्या उद्योगांच्या निमित्ताने कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, तर कोणी थेट केरळातून. पेण आणि रोह्याकडची काही कुटुंबेही आमच्यात येऊन मिळाली. प्रारंभीच्या वर्षांत आमच्यापैकी बहुतेकांचा नाताळ म्हणजे गावी जाणे. तयारी असायची ती पिशव्या भरण्याची. पण कारखाना नाताळला थांबत नाही. कोणा ना कोणाची पाळी असतेच. मग एकेक कुटुंब येथेच थांबू लागले, आणि कुलकुलांचा व नेवऱ्यांचा घमघमाट येथल्याही स्वयंपाकघरांतून दरवळू लागला.

चार भाषा बोलणाऱ्यांना एकत्र प्रार्थना करायची तर सर्वांना उमजेल अशी एक भाषा हवी. ती मराठी ठरली. नाताळापूर्वीच्या नऊ संध्याकाळी आम्ही घरोघर जमतो, तेव्हा कधी कधी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील काही ओव्या वाचतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्विटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य मराठीत रचले आणि १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. देवनागरी वाचकांच्या हाती ते यायला १९५६ साल उजाडावे लागले. या ग्रंथाच्या रचनेत आम्हांला आगमनकाळाचेच रूप दिसते. संपूर्ण पहिले पुराण जुन्या कराराच्या कथांना दिलेले आहे. आदामापासून संदेष्ट्यांपर्यंत हजारो ओव्यांची वाट चालल्याखेरीज वाचकाला बेथलेहेमचा गोठा दिसत नाही. आपल्या श्रोत्यांना प्रतीक्षा करायला लावण्याचे धैर्य त्या पाद्रीबाबांपाशी होते.

या काळातील शुभवर्तमानात योहान बाप्तिस्ता अरण्यातून साद घालतो. यशया संदेष्ट्याच्याच शब्दांत तो प्रभूसाठी वाट सिद्ध करण्यास सांगतो. दऱ्या भरून निघाव्यात, डोंगर खाली यावेत, वाकडे ते सरळ व्हावे. इतरत्र हे रूपक काव्य म्हणून ऐकले जात असेल. आमच्या कानांना ते रोजच्या व्यवहाराचे वाटते. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या उशाशीच आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि ते किती रखडले, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीच्या कण्याला ठाऊक आहे. मार्ग तयार करणे म्हणजे काय, हे आम्ही वर्षानुवर्षे धूळ खात पाहिले आहे.

एका आगमनकाळात, संध्याकाळच्या अशाच एका प्रार्थनासभेत यशयाचे हे वचन वाचून झाले. आमच्यातले एक गृहस्थ रस्त्याच्या कामावर देखरेख करणारे. एरवी ते अबोल. त्या दिवशी मात्र ते सहज म्हणाले, “डोंगर कापतात आणि दरी भरतात, ही दोन कामे नव्हेत. डोंगराची जी माती निघते, तीच शक्यतो पुढच्या खोलगट भागात भराव म्हणून टाकतात. भराव बाहेरून आणायचा म्हणजे खर्च. आणि कापलेली माती नुसतीच बाजूला टाकली, तर पावसात तिचाच चिखल होतो. शिवाय भराव एकदम टाकून चालत नाही. थर घालायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. वरून डांबर कितीही चांगले ओता, खालचा भराव बसला नसेल तर पहिल्या पावसात खड्डा पडणारच.”

एवढे बोलून ते थांबले. सभेत क्षणभर शांतता पसरली. यशयाच्या वचनावर आम्ही अनेक प्रवचने ऐकली होती. परंतु डोंगर आणि दरी यांचे नाते असे कोणी उलगडून दाखवले नव्हते. आजवर आम्ही समजत होतो की डोंगर म्हणजे आपला अहंकार, तो कमी करावा. दरी म्हणजे आपली उणीव, ती भरावी. दोन वेगळे संकल्प. पण एकाच्या उंचीतून निघालेली माती दुसऱ्याच्या खोलीत पडल्याशिवाय वाट होत नाही, हे आम्हांला त्या सायंकाळी उमगले.

त्या सभेत दोन कुटुंबे दोन टोकांना बसली होती. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एकाने दुसऱ्याला मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्कम उसनी दिली होती. परतफेड रेंगाळली, तगादा झाला, शब्दाने शब्द वाढला आणि चार वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. मिस्सेत शांतीचा अभिवादनविधी आला की एकमेकांना टाळून हात दुसरीकडे वळत. मुलांनाही एकाच गायनवृंदात उभे राहण्याची मनाई. देणे खरे होते आणि न मिळाल्याचा राग रास्त होता, म्हणूनच तो टिकून होता. वेदीवर दान ठेवायला जाणाऱ्याने भावाशी वैर आठवले तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, ही प्रभूची शिकवण दोघांनाही तोंडपाठ होती. अडचण एवढीच की प्रत्येकाला वाटे, पहिले पाऊल दुसऱ्याने टाकावे.

पहिले पाऊल टाकले ते ज्याचे पैसे येणे होते त्याने. पुढच्याच आठवड्यात, पापनिवेदनाच्या आदल्या दिवशी, तो सपत्नीक त्या घरी गेला. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. “पोरगी कशी आहे आता?” एवढेच विचारले. घरातल्या बाईने पाणी आणले आणि आत जाऊन ती रडली, असे नंतर कळले. पुढच्या महिन्यापासून थोडी थोडी रक्कम परत येऊ लागली. सारे पूर्ववत झाले, असे म्हणणे खोटे ठरेल; चार वर्षांचा भराव एका रात्रीत बसत नाही. परंतु थर पडू लागले. प्रायश्चित्त संस्काराचे मर्म आम्हांला येथे दिसते. क्षमा देवाची, ती तत्क्षणी मिळते. मात्र केलेल्या हानीची भरपाई, तुटलेल्या नात्याची डागडुजी ही रोलर फिरवण्याची कामे आहेत आणि ती आपणच करायची असतात.

पण वाट केवळ आपल्या मंडळीच्या अंगणापुरती करून भागत नाही. आमच्या आसपासच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणेच कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी जमात मानली जाते. दिवाळी सरली की यांतील अनेक वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हजार विटांमागे मजुरी ठरते, उचल त्यातून वळती होते, आणि हंगामाअखेरच्या हिशेबात पुष्कळदा पुन्हा देणेच निघते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीचे ओझे मात्र अजून उतरलेले नाही. कैसराच्या नावनोंदणीपायी गर्भवती पत्नीला घेऊन वाट तुडवणारा योसेफ आम्ही डिसेंबरात देखाव्यात मांडतो, तेव्हाच आमच्या डोळ्यांदेखत अशी कुटुंबे गाठोडी घेऊन टेम्पोत चढत असतात.

म्हणून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून प्रत्येक घराने सणाच्या खर्चातील काही भाग बाजूला काढावा, असा प्रघात आम्ही पाडला. प्रारंभी त्यातून गरम कपडे आणि फराळ नेला. तो आनंदाने घेतला गेला. पण एका भट्टीवर एका मातेने विचारले, “शाळेतून पोराचं नाव काढतील का हो?” आमच्या पिशवीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकते, ही माहिती आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने मिळवली आणि दोन्ही शाळांच्या खेपा घालून काम तडीस नेले. त्यानंतर जातीचे दाखले आले, शिधापत्रिका आल्या. तेव्हा आमचा डोंगर कोणता, हे आम्हांला नेमके दिसले. कचेरीत आमच्यापुढे खुर्ची सरकवली जाते आणि कातकरी बांधव दाराबाहेर उभा राहतो. अर्ज आम्हांला वाचता येतो. हीच आमची उंची. ती थोडी खोदून त्याच्या दरीत टाकायची. यात कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचा हेतू नाही. आम्ही काय करावे, असे लोकांनी विचारले तेव्हा योहानानेही स्तोत्रे म्हणण्यास सांगितले नव्हते. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायाने कोणाला नाडू नये, असे अगदी घरगुती उत्तर त्याने दिले.

संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभारला, तेव्हा गवत, गव्हाण, बैल आणि गाढव एवढेच साहित्य होते. बाकीची जागा गावकऱ्यांनी आपल्या उपस्थितीने भरली. त्या देखाव्याची आठशे वर्षे २०२३ साली पूर्ण झाली. आमच्याही गोठ्यात भाताचा पेंढा येथल्याच खाचरांतला असतो. अलीकडे त्याच्या कोपऱ्यात एक कच्ची वीटही ठेवली जाते. ती कोणी प्रथम ठेवली, हे कोणी विचारत नाही.

मध्यरात्रीच्या मिस्सेला आमची काही माणसे दरवर्षी नसतात. त्यांची रात्रपाळी असते. पूर्वी त्यांच्या घरच्यांना याची खंत वाटे. मग लूकच्या शुभवर्तमानातली एक साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली. प्रभुजन्माची पहिली वार्ता ज्यांना मिळाली ते मेंढपाळ त्या रात्री पाळीवरच होते. कळप राखत जागत होते. कारखान्यातला पहारा असो की भट्टीचा विस्तव सांभाळत जागणारा मजूर असो, ज्यांना झोप परवडत नाही, त्यांच्या दारावरून देवदूत आधी जातो.

तेव्हा, प्रिय वाचकहो, या आगमनकाळात घराची रंगरंगोटी अवश्य करावी, तारा टांगावा, दोदोलही शिजवावे. पण एखाद्या संध्याकाळी दिवे मालवून स्वतःला विचारावे : माझ्या वाटणीची उंची कोणती, आणि तिची माती कोणाच्या दरीत पडायची राहिली आहे? बेथलेहेमचे बाळ चालत येणार आहे ते त्याच भरावावरून. तो पक्का बसावा, आणि येणाऱ्याच्या कोवळ्या पावलांना एकही खडा न टोचावा, हीच त्या बाळ येशूच्या चरणी प्रार्थना.