पाच आधी, सहा नंतर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि विषय जरा आडवळणाचा आहे. अमेरिकेतलं कंट्री संगीत! दचकू नका. मला त्यातलं फार कळतं असा दावा नाही, पण गेले दोन महिने एकाच गायकाच्या गाण्यांची कुंडली मांडून बसलोय. का, ते पुढे येईलच. घरच्या वाचकांना बहुधा अंदाज आला असेल.

गायकाचं नाव जिम रीव्ह्ज. टेक्ससचा. जन्म १९२३, मृत्यू १९६४. बिलबोर्ड या नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत त्याची एकूण अकरा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातली पाच तो जिवंत असताना. आणि सहा तो गेल्यावर.

हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मी पुन्हा मोजून पाहिलं. पण बरोबर आहे. पाच आणि सहा.

आपल्याकडे बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, अमीन सायानी एकेक पायदान वर चढवत न्यायचे, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना अशा यादीचं महत्त्व सांगायला नको. तिकडेही तसंच. फक्त पन्नासच्या दशकात बराच काळ कंट्री गाण्यांच्या याद्याच वेगवेगळ्या असत. दुकानात किती रेकॉर्डी खपल्या, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी काय वाजवलं आणि रेडिओवरच्या निवेदकांनी काय लावलं, या सगळ्याची मोजणी निरनिराळी. ऑक्टोबर १९५८ पासून त्यांची एकच यादी झाली. मोजायची पद्धत कोणतीही असो, मोजलं जायचं ते एकच. या आठवड्यात लोकांना कोणाचा आवाज ऐकावासा वाटला?

जिमचं पहिलं अव्वल गाणं १९५३ सालचं, 'मेक्सिकन जो'. दुसरं 'बिम्बो', १९५४ च्या सुरुवातीचं. दोन्ही उड्या मारत जाणारी, गमतीची गाणी, आणि तो ती चढ्या, मोकळ्या आवाजात गातो. ही ऐकून कोणी म्हणणार नाही की पुढे हा माणूस मखमली आवाजासाठी ओळखला जाईल. मग तो आरसीए या मोठ्या कंपनीत गेला आणि तिथे चेट ॲटकिन्सबरोबर काम करू लागला. १९५७ मध्ये 'फोर वॉल्स' आलं. या गाण्यात त्याने आवाज खाली आणला आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा गायला. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलंच, शिवाय सर्वसाधारण पॉप गाण्यांच्या यादीतही वर गेलं. फिडलचा आणि स्टील गिटारचा गावरान ठसका कमी करून मागे मंद कोरस ठेवायचा, या धाटणीला पुढे 'नॅशव्हिल साउंड' म्हणू लागले. हे गाणं त्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक. चौथं अव्वल गाणं 'बिली बायू', १९५९ चं, रॉजर मिलरने लिहिलेलं.

आणि पाचवं 'ही'ल हॅव टू गो'. याची गंमत ऐका. १९५९ च्या शेवटी रेकॉर्ड निघाली तेव्हा हे गाणं मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूचं गाणं वेगळंच. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि हेच लावत सुटले. १९६० मध्ये ते सलग चौदा आठवडे कंट्रीत पहिल्या क्रमांकावर होतं आणि पॉपच्या यादीत दुसऱ्यापर्यंत गेलं. विषय एवढाच, की बारमधला एक माणूस फोनवरून आपल्या प्रेयसीशी बोलतोय. तिच्याजवळ दुसरं कोणीतरी बसलंय, हे त्याला माहीत आहे. पुढचं सगळं त्या हलक्या आवाजात आहे. हे गाणं इतकं चाललं की त्याला उत्तर म्हणून त्या मुलीच्या बाजूचं गाणंही त्याच वर्षी निघालं, जीन ब्लॅक नावाच्या गायिकेचं, आणि तेही गाजलं.

३१ जुलै १९६४ ला जिम स्वतः आपलं छोटं विमान चालवत नॅशव्हिलकडे येत होता. बरोबर त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएल होता. वादळी पावसात विमान जंगलात कोसळलं. दोन दिवस शोधाशोध झाली, तेव्हा अवशेष सापडले. जिमचं वय एक्केचाळिसाला तीन आठवडे कमी.

इथे कुंडली संपायला हवी. संपत नाही.

त्या आठवड्यात 'आय गेस आय'म क्रेझी' यादीत चढत होतं. ते ऑगस्टमध्ये पहिलं आलं आणि सात आठवडे तिथेच राहिलं. १९६५ मध्ये 'धिस इज इट' आणि 'इज इट रिअली ओव्हर'. १९६६ मध्ये 'डिस्टंट ड्रम्स' आणि 'ब्लू साइड ऑफ लोनसम'. १९६७ मध्ये 'आय वोन्ट कम इन व्हाइल ही'ज देअर'. सहा झाली. मागे राहिलेल्या ध्वनिफिती जपून, एकेक करून बाहेर काढण्यात त्याच्या बायकोचा, मेरी रीव्ह्जचा मोठा वाटा होता. ती १९९९ पर्यंत होती. नवऱ्याचा आवाज तिने वर्षानुवर्षं सांभाळला.

यातलं 'डिस्टंट ड्रम्स' मला फार महत्त्वाचं वाटतं. सिंडी वॉकर या गीतकार बाईंसाठी जिमने ते नमुना म्हणून गाऊन ठेवलं होतं, बाजारात आणायच्या हेतूने नव्हे. तो गेल्यावर दोन वर्षांनी कंपनीने त्या साध्या ध्वनिमुद्रणावर वाद्यवृंद चढवला आणि रेकॉर्ड काढली. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, आणि गाण्यात लढाईवर बोलावणं येण्याआधी लग्न करू या, असं मुलीला विनवणारा तरुण आहे. मुलीचं नाव मेरी! बीटल्सच्या ऐन भराच्या काळात, १९६६ मध्ये, हे गाणं ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारा दोन वर्षांपूर्वी गेलेला.

पुढे आणखी एक पाऊल. १९७९ मध्ये जिमच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर डेबोरा ॲलन या तरुण गायिकेचा आवाज चढवून युगलगीतं केली. जिम गेला तेव्हा ही बाई दहा वर्षांची मुलगी होती. अशी तीन गाणी लागोपाठ पहिल्या दहात गेली. आणि १९८१ मध्ये जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइन यांचं युगलगीत निघालं. पॅट्सी क्लाइन मार्च १९६३ मध्ये गेली, तीही विमान अपघातातच. दोघांनी एकच गाणं आपापल्या वेळी वेगवेगळं गायलं होतं. ते दोन आवाज सुटे करून जुळवले. दोन्ही गायक दिवंगत, आणि गाणं पहिल्या पाचात!

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या अप्पांची एक कॅसेट आहे. धाकटे काका मस्कतला होते तेव्हा फोन परवडायचा नाही, म्हणून अप्पा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. अशा तीन-चार गेल्या असतील, काकांनी परत आणली ती एक. अप्पांनी नवी कोरी कॅसेट विकत घेतलेली नव्हती (अप्पांना ओळखणाऱ्यांना हे सांगायला नको). त्यांच्या कारखान्यातल्या एका गोवेकर मित्राने जिम रीव्ह्जची कॅसेट दिली होती. तिच्या वरच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच ते बोलले आहेत. अठरा मिनिटं. पाऊस, विहिरीचं पाणी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. मध्ये कुकरची शिट्टी. दर दोन मिनिटांनी "ऐकू येतंय ना रे?" मग खाकरतात, "बरं, ठेवतो आता" म्हणतात, जणू काही फोनच आहे. खट्कन आवाज, आणि मधूनच, अर्ध्या ओळीपासून, जिम रीव्ह्ज 'ही'ल हॅव टू गो' गायला लागतो. लहानपणापासून माझ्या डोक्यात हे दोन आवाज एकमेकांना जोडलेले आहेत.

अप्पा १९९६ मध्ये गेले. पुतणी १९९८ ची. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. आणि तिच्या भावाची कल्पना अशी, की या अठरा मिनिटांवरून संगणकाकडून अप्पांचा आवाज तयार करून घ्यायचा आणि लग्नात आजोबांनी नातीला नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा. आठ-दहा वाक्यं. त्याने एक वाक्य करून मला ऐकवलंही. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. हुबेहूब अप्पा. खाकरणंसुद्धा.

घरात दोन तट पडलेत, तुम्हाला माहीतच आहे. मी नको म्हणालो तेव्हा पुतण्याने मला माझ्याच शस्त्राने गाठलं. "काका, तुमच्या जिम रीव्ह्जच्या गाण्याला मागून वाद्यं लावलेली चालतात, कधी न भेटलेल्या बाईबरोबर त्याला गायला लावलेलं चालतं, मग आजोबांनी आशीर्वाद दिलेला का चालत नाही? त्यांनी दिलाच असता ना?"

प्रश्न बिनतोड आहे. म्हणूनच तर दोन महिने यादी घेऊन बसलो.

मला जे दिसलं ते असं. त्या सहा गाण्यांत, त्या युगलगीतांतसुद्धा, जिमच्या तोंडी असलेला प्रत्येक शब्द जिमने स्वतः म्हटलेला आहे. श्वास त्याचा, थांबणं त्याचं, कुठे आवाज खाली न्यायचा हे ठरवणं त्याचं. लोकांनी भोवतालची आरास बदलली. ती बदलायला नको होती असं कोणाचं मत असू शकतं, मलाही काही ठिकाणी ती वाद्यं जड वाटतात. पण त्याने न म्हटलेलं एकही वाक्य त्याच्या नावावर जमा नाही.

याच क्षेत्रातलं अलीकडचं उदाहरण बघा. रँडी ट्रॅव्हिस हा मोठा कंट्री गायक. २०१३ मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि गाणं थांबलं. मे २०२४ मध्ये त्याचं नवं गाणं आलं. दुसऱ्या गायकाने गायलेल्या गाण्यावर संगणकाने रँडीच्या जुन्या आवाजाचा साज चढवला होता. पण रँडी हयात आहे, त्याची संमती होती आणि तो स्वतः त्या कामात सामील होता. त्याच वर्षी मार्चमध्ये टेनेसी राज्याने, म्हणजे नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्याने, माणसाच्या आवाजाला अशा नकलेपासून संरक्षण देणारा कायदा केला. म्हणजे हा प्रश्न केवळ आमच्या ओसरीवरचा नाही.

अप्पांना विचारता येत नाही. "त्यांनी दिलाच असता" हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण काय शब्दांत दिला असता? अप्पा आशीर्वाद देताना काहीच बोलत नसत, डोक्यावर हात ठेवून "हं" म्हणत. ते आठ-दहा वाक्यं बोलले असते हे मी मान्य करायला तयार नाही. आज एक गोड वाक्य त्यांच्या तोंडी घातलं, की वीस वर्षांनी कोणाला आठवणार, अप्पा खरोखर काय बोलले होते आणि आपण काय बोलवून घेतलं होतं? त्यांच्या आवाजाची ती एकच कॅसेट आहे. नक्कल तिच्या शेजारी जाऊन बसली, की अस्सलाची किंमत त्याच दिवसापासून कमी व्हायला लागेल.

आईला पुतण्याने ते वाक्य ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे रे. पण त्यांना तिचं नाव कुठे माहीत होतं?"

मला जे सांगायला दोन महिने आणि अकरा गाणी लागली, ते तिने एका वाक्यात सांगितलं. पुतण्या काही बोलला नाही. रुसलाय थोडा, पण पोरगा समजूतदार आहे, आणि त्याच्या मनात आजोबांविषयी जे आहे ते मला कळतं. त्याने तर त्यांना पाहिलेलंही नाही. त्याच्याकडे फक्त तो आवाजच आहे.

असो. ठरलंय ते असं. संगणकाचं काम पुतण्याच करतोय, पण वेगळं. कॅसेटमधली घरघर कमी करून अठरा मिनिटं जशीच्या तशी उतरवून घेतोय. कुकरची शिट्टी काढायची नाही, हे मी त्याला बजावलंय. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्यांपुरती ती लावू. ज्यांना प्रत हवी त्यांनी कळवा. आणि शेवटचं जिम रीव्ह्जचं अर्धं गाणं कापू का, असं तो विचारत होता. राहू दे म्हटलं.