धोंड्याचें माप आणि दोराचें माप

प्रस्तरारोहणाच्या नादीं लागलेल्या माणसास दोन हिशेब ठेवावे लागतात. एक, दोर बांधून कडा चढण्याचा. दुसरा, दोन-अडीच पुरुष उंचीच्या धोंड्यावर, खालीं गादी टाकून, दोरावांचून चढण्याचा. दोहोंच्या काठिण्याच्या श्रेणी निराळ्या आहेत. आणि त्या एकमेकींस कशा लावावयाच्या या प्रश्नानें आम्हांस एकदां चांगलेंच फसविलें.

हंपीच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर दोन हिवाळे घालवून आम्हीं फाँतेनब्लो पद्धतीची ६-बी ही श्रेणी साध्य केली होती. (पॅरिसजवळच्या रानांतील वालुकाश्मांवरून हें नांव पडलें आहे.) पुढें बदामीस गेलों. तेथें तांबड्या कड्यावर आम्हीं ६-बीचीच एक वाट निवडली. पण ही फ्रेंच दोर-श्रेणीची. आंकडा तोच, अक्षर तेंच. रोमन लिपींत धोंड्याचें अक्षर मोठें व दोराचें लहान छापतात, एवढाच भेद. आमच्या देवनागरींत तोहि उरत नाहीं!

रूढ कोष्टकें धोंड्यावरील ६-बी ही दोराच्या सुमारें ७-ए ते ७-बीच्या तोडीची धरतात. म्हणजे ही वाट आम्हांस पोरखेळ ठरावयास हवी होती. हें आम्हांस ठाऊक होतें, आणि तेंच नडलें. खालीं दोर धरून उभ्या असलेल्या चिरंजिवांस आम्ही म्हणालों, "दहा मिनिटांत उतरतों, तोंवर तूं पुढची वाट पाहून ठेव."

वाटेंतील एकहि हालचाल अवघड नव्हती. परंतु हंपीस सारा कारभार पांच-सहा पकडींचा व अर्ध्या मिनिटाचा. येथें निम्म्या उंचीवरच कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून आले. दोर कॅरबिनरमध्यें अडकवावयास बोटें वळेनात, आणि शेवटचा बोल्ट पायांखालीं राहिलेला. "बाबा, हात झटका, एक-एक हात मोकळा करा," खालून आवाज आला. मोकळा कोणता करावा हाच प्रश्न होता. आम्ही पडलों. दोरानें झेललें, खरचटलें तेवढेंच. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. पन्नाशी उलटलेल्या बापास तें बोलण्याहून अधिक लागलें.

त्या रात्रीं आम्हांस अमेरिकेंतील जॉन गिल आठवले. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं धोंड्यांसाठीं तीनच पायऱ्या कल्पिल्या. बी-१ म्हणजे तत्कालीन दोराच्या सर्वांत कठीण चढाईइतक्या अवघड हालचाली. बी-२ त्याहून कठीण. आणि बी-३ म्हणजे जें एकदांच साधलें व इतरांनीं यत्न करूनहि साधलें नाहीं तें. दुसरा कोणी चढला कीं बी-३ खालीं उतरे! गिल गणिताचे प्राध्यापक होते, तरी माणसाच्या अभिमानास इतकें अस्थिर माप देण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें. पुढें १९९१ सालीं जॉन शर्मन यांच्या टेक्सासांतील ह्युको टँक्सच्या मार्गदर्शिकेंतून वरचें टोंक मोकळें असलेली व्ही-श्रेणी प्रसिद्ध झाली, व अस्थिरतेचा तो गमतीदार प्रकार मागें पडला.

दोराच्या मापांत मात्र थकवा मुरलेला असतो. अॅडम ओंद्रा यानें २०१७ सालीं नॉर्वेंत चढलेली 'सायलेन्स' ही जगांतील पहिली ९-सी; तिच्या सर्वांत कठीण तुकड्यास त्यानें धोंड्याची ८-सी दिली. त्याच्या आदल्याच वर्षीं फिनलंडांत नाले हुक्कातैवाल यानें एका धोंड्यास पहिली ९-ए दिली होती, म्हणजे दोन पायऱ्या वर. एकटा तुकडा कमी कठीण; परंतु तेथपर्यंत पोंचतांना हात किती उरले, हें कोष्टक सांगत नाहीं.

सकाळीं चिरंजीव पुढें चढले. आम्ही वरून सोडलेल्या दोरावर मागाहून गेलों. त्याच पकडीशीं हात पुन्हां भरून आले, पण या वेळीं थांबत थांबत माथा गांठला. उतरल्यावर त्यानें वहींत आमच्या नांवापुढें काय लिहिलें, तें आम्हीं विचारलें नाहीं.