माटुंग्याच्या आजी

माटुंग्याला आपण जातो ते इडली-कॉफीसाठी. मीही त्या रविवारी कॉफी पिऊनच निघालो आणि किंग्ज सर्कलवरून रमतगमत डॉन बॉस्को शाळेजवळच्या मरियामातेच्या मंदिरात शिरलो. हे मंदिर १९५७ सालचे. शेजारच्या बाकावर लाल लुगड्यातल्या एक आजी जीर्ण पुस्तकातून पुटपुटत होत्या, आणि तेही चक्क मराठीत! वसईकडच्या असाव्यात.

माटुंग्याचा पत्ता मी तेज-प्रसारिणीच्या ख्रिस्ती पुस्तकांवर पाहिला होता. पण माझ्या पाहण्यातली ती पुस्तके बहुतेक इंग्रजी. या मराठीचा माग काढायचा तर जुन्या मुंबईतच शिरायला हवे. निरनिराळ्या मिशनांच्या लोकांनी मिळून १८२७ साली येथे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी काढली. नगरला १८४२ साली अमेरिकन मिशनने काढलेला ‘ज्ञानोदय’ही पुढे अनेक मिशनांचा सामाईक झाला. आजींचा पंथ कॅथलिक आणि ही मंडळी प्रॉटेस्टंट, हे मी विसरलो नाही. पण अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनीच पुढे ‘निर्णयसागर’ काढला आणि आपल्या घरोघरी संस्कृत पोथ्या पोहोचवल्या, तेव्हा पंथाचा हिशेब कुठवर ठेवायचा?

साहेबांच्या समित्यांनी घडवलेली मराठी मात्र अवघडलेली होती. तिची आपण थट्टा केली, ती काही अगदीच अन्यायाची नव्हती. तिच्यात जीव आला तो आपल्या माणसांनी लेखणी धरल्यावर. विधवांच्या दुःखावरचे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. कित्येक जण तिला पहिली मराठी कादंबरी मानतात. ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग रेव्हरंड टिळकांनी १९१२ पासून १९१९ मध्ये देह ठेवीपर्यंत सांभाळला. पंडिता रमाबाईंना तर बायबलचे प्रचलित भाषांतरही साध्यासुध्या बायकांना कळेलसे वाटेना. त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या, एकटीने नवे भाषांतर केले आणि केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. मिळून उभारलेल्या त्या कामाला एका बाईने दिलेले असे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

मी पुस्तकात डोकावतो आहे हे आजींच्या ध्यानात आले.

“वाचता येते का रे बाबा?”

“आजी, मी कॉलेजात मराठीच शिकवतो.”

“मग हेही शिकवत असशील!”

मी जोडे घालण्याच्या निमित्ताने खाली वाकलो. वर्षानुवर्षे हे सारे मी ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या एका टिपणात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकत आलो होतो.